निळ्या झाकणाचा डबा

प्रिय डिंपना,

आईच्या परसातली ती तिरकी फळी आठवते तुला? तिच्यावर ओलं घोंगडं पसरायचं आणि वरून डोंगरावरून वेचलेली फ्रॉहनची फळं सोडायची. पानं आणि काड्या लोकरीला चिकटून राहायच्या, काळीनिळी फळं तेवढी टपटप खाली बादलीत यायची. तू वरच्या टोकाला, मी खालच्या. बादली चुकवून पडलेलं प्रत्येक फळ माझ्या तोंडात. जीभ जांभळी झाली की तू म्हणायचीस, "शाळा उघडू दे, सिस्टर बेनिग्नसना सांगते, आमची ऊना शाई पिते." आणि मी खरंच घाबरायचे. तेव्हापासून मी तुला जरा घाबरतेच. हे पत्र लिहिताना जास्तच, पण रविवारच्या आत ते तुझ्या हाती पडायला हवं.

कंबरेचा नवा सांधा बसवून घेऊन आता दहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, चाला, पण सपाटीवर. आपल्या गावात सपाटी म्हणजे चर्चचं अंगण. तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसते, माझ्या मॅनसची मेंढ्या बघायची दुर्बीण घेऊन. तुला बोलावलं मीच. तुझा अ‍ॅलिस्टेअर गेल्यावर तू ग्लासगोहून आईच्या घरात राहायला आलीस, तेव्हा मीच म्हटलं, "मॅनसबरोबर जात जा गं. एकटा माणूस डोंगरावर घसरला तर कळायचं कुणाला?" आपल्याला शाळेत तेच तर शिकवलं होतं. मोठा तुकडा पाहुण्यापुढे करायचा. पुढे केल्यावर त्याच्याकडे टक लावून बघू नये, एवढं मात्र कुणी शिकवलं नाही.

तू म्हणशील, ऊना उगाच कुढते. कुढते, खरंच. परवा तो हातरुमालात अळंबी घेऊन आला, केशरी, कडेला झालरीसारखी. म्हटलं, "कुठून?" म्हणाला, "बर्चखालून. डिंपनानं दाखवली." त्या बर्चखालून आम्ही दोघं चाळीसहून जास्त वर्षं जातोय! आंबट पानांची भाजी, ओढ्यातली हिरवी पालवी, रानथाइमचा चहा, काय काय आणतो रोज. बूट काढताना शीळ घालतो. लग्नाआधी घालायचा, त्यानंतर मी ती ऐकली नव्हती. मी भाजी निवडते, मीठ घालते, छान झालीय म्हणते. छान होतेही. त्याचाच राग येतो.

आणि गेल्या शनिवारी तुम्ही वर तंबू टाकलेत. आमची ती जागा, मेंढ्यांच्या पडक्या वाड्याच्या आडोशाला, घरापासून पुरती दोन मैलसुद्धा नाही. आम्ही दर जुलैत तिथे दोन रात्री राहायचो. निघालो की दुकानातला पॅकी दारातून ओरडायचा, "काय गं ऊना, नवऱ्यानं घराबाहेर काढलं, की छप्पर उडालं?" मी म्हणायचे, "तुझ्या दुकानापासून लांब जावं म्हणून चाललोय." तंबूतून आपल्याच घराचं धुराडं दिसायचं. आपलं घर असं लांबून, रिकामं, बघायला किती गोड वाटतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. तर यंदा मी धुराड्याच्या बाजूला बसून तंबू बघत होते. एक हिरवा, ठिगळांचा. एक केशरी, तुझा. दोघांमध्ये किती अंतर आहे ते दुर्बिणीतून मोजलं. तीन मेंढ्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढं. आपल्या वयाच्या बायकांना शोभत नाही हे, मला कळतं. तरी मोजलं. मग पॅकी अंडी घेऊन आला आणि म्हणाला, "काय गं, मेंढ्या हरवल्यात का?" मी म्हटलं, "नाही, आहेत सगळ्या जागेवर."

पण मला खरी भीती तंबूंची नाही. परवा जेवताना मॅनस म्हणाला, "डिंपना म्हणते, यंदा रविवारचा केक ती करणार." माझ्या हातातला चमचा बशीत पडला. त्याला वाटलं, माझी कंबर दुखली.

तो रविवार आठव. जुलैचा शेवटचा, एकाहत्तर साल. चर्चमधल्या मिस्साहून आल्याबरोबर सगळी पोरं डोंगरावर जायची, पोती आणि डबे घेऊन. पोरं गवताच्या काडीत फळं ओवून पोरींना कंकणं करायची. पोरी घरून केक करून न्यायच्या आणि जो मनात असेल त्याच्यापुढे धरायच्या. त्यानं घेतला की संध्याकाळी शेकोटीभोवती पहिला नाच त्या दोघांचा. कुणी काही विचारत नसे, बोलत नसे. केक ज्या हातात, त्या हातानंच तो केलेला. तू शनिवारी सगळी दुपार चुलीपुढे होतीस. आत काय घातलंस ते आईलाही सांगितलं नाहीस. आणि रविवारी, निघायच्या वेळी, लाल गाय अडली. वासराचे पाय फिरलेले, आणि घरात बारीक हात तुझेच. कोपरापर्यंत साबण लावून तू गोठ्यात उभी होतीस, आणि हनुवटीनं डबा दाखवून म्हणालीस, "मॅनसला दे. तो समजेल."

मी डोंगरावर गेले. मॅनस त्या पडक्या वाड्याच्या भिंतीवर बसला होता. मी डबा उघडला आणि पुढे धरला. डिंपना, मी खोटं बोलले नाही. ननांनी बजावलं होतं, खोटं बोलायचं नाही. मी फक्त गप्प उभी राहिले. त्यानं एक घास घेतला, माझ्याकडे जरा नवलानं बघितलं आणि म्हणाला, "ऊना, तू?" तेव्हाही मी गप्प. घरी आले तेव्हा वासरू उभं होतं आणि तू पायरीवर बसली होतीस. विचारलंस, "दिलास?" म्हटलं, "दिला." "खाल्ला?" "खाल्ला." "काही म्हणाला?" मी मान हलवली, नाही म्हणून. तेवढी एकच मान. सप्टेंबरात तू नर्सिंगला ग्लासगोला गेलीस. माझ्या लग्नात तू माझे केस विंचरलेस.

त्यानंतर दर वर्षी मी तो केक केला. ताक जास्त घालून पाहिलं, कमी घालून पाहिलं, मध, लोणी, दालचिनी, काय नाही घातलं. जमला नाही. आणि मॅनस फळ जिभेवर ठेवून ते डोंगराच्या कुठल्या अंगाचं ते सांगणारा माणूस. दर वर्षी सगळा केक संपवतो आणि म्हणतो, "हाही चांगला झालाय." हाही! या एका शब्दापाशी मी अठ्ठेचाळीस वर्षं जेवायला बसलेय. त्याला कधीचंच कळलंय की कधीच कळलं नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. रविवारी तुझा केक तोंडात गेला की कळेल. त्याला कळेल, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तुला. मी दोन मैलांवर दुर्बीण घेऊन. तसं व्हायला नको. तुला ते माझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र.

हा निळ्या झाकणाचा डबा तोच. मॅनस तो आणून देईल आणि फडक्याखालचं हे पत्र बघणार नाही, तो स्वतःची पत्रंसुद्धा उघडत नाही. डबा तुझा आहे, तुझ्याकडेच राहू दे. रविवारी केक करच, त्या वर्षी केलास तसाच. पहिला तुकडा मॅनसला दे, भिंतीवर बसवून, आणि माझ्यासारखी गप्प उभी राहू नकोस. जे सांगायचं ते सांग. एक तुकडा पॅकीला, त्याचं तोंड बंद राहील एवढा मोठा. चुरा वाड्यातल्या पाखरांना. माझी फळं वेचायची बादली तुझ्या नातीला, तिचे हात बारीक आहेत. हिरवा तंबू मात्र राहू दे, पुढच्या जुलैत मला तो लागेल असं मी धरून चाललेय. माझ्यासाठी एक तुकडा ठेवायचा की नाही, ते तुझं तू ठरव. ठेवलासच, तर कुणाच्या हाती पाठवू नकोस. तू स्वतः घेऊन ये.

तू म्हणशील तोवर तुझीच,
ऊना