या काठचा ताप

ता. ४ जून

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

आमच्या गावातून हिवताप संपला, ही आनंदाची बातमी सरहद्दीची नदी ओलांडून तुझ्यापर्यंत पोचली असेलच. दवाखान्याच्या भिंतीवर आरोग्य खात्याच्या साहेबांनी मोठा आलेख लावला आहे. आपल्या लहानपणी घरोघरी खाटा थडथडायच्या, तो पहिला डोंगर. भिंतींवर औषध फवारलं, तो उतार. मग ताप संपला म्हणून फवारणी बंद केली, तो दुसरा डोंगर. मच्छरदाण्या आल्या, पुन्हा उतार, आणि आता तीन वर्षं सपाट शून्य. आता संपलाच आहे म्हणून महिनाअखेर रक्ततपासणी बंद. हे आधी एकदा करून झालंय ना, असं मी नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आजोबा, तुम्ही फार काळजी करता.

गेल्या महिन्यात आमचा चिरंजीव आणि त्याचा कामावरचा जोडीदार तुझ्या काठच्या लाकूडतोडीवरून कुडकुडत परत आले. गोळ्या मिळाल्या, पण शून्य काही हललं नाही. ते म्हणे 'बाहेरून आलेले'. यांना चावलात तर इथल्या कुणाला चावू नका, असं डासांनाही लेखी कळवलं असावं.

सूनबाईला सातवा महिना आहे. पोटुशीला हा ताप आई आणि मूल, दोघांच्या जिवावर बेततो. तपासणी बंद झाल्यावर तिचं काय, या काळजीने माझ्या तोंडाची चव गेली आहे.

कळावे. लोभ उरला असेल तर राहू द्यावा.
धाकटा

ता. ९ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पत्र वाचून हसले. इकडचे साहेबही कमी नाहीत. त्यांच्या मते सगळे डास तुमच्या काठावरून येतात. दोन्ही सरकारांचे डास फक्त निर्यातीसाठी आहेत असं दिसतं.

बाकी, तोंडाची चव काळजीने जात असती तर तू जन्मात कधी जेवला नसतास. ती तापाने जाते, शहाण्या! उद्याच्या उद्या होडीत बस. इथे तपासणी आहे, गोळ्या आहेत. होडीत शेळ्यासुद्धा बसतात आणि त्या तुझ्याएवढ्या ओरडत नाहीत.

माया आहेच, ती अंगावर येऊ देऊ नकोस.
ताई

ता. १३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं खरं ठरलं. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. तरी होडीत बसलो नाही. या वेळी पाण्याची भीती नव्हती. बरं, थोडी होती. पण तुझ्याकडे आलो असतो तर मीही 'बाहेरून आलेला' झालो असतो आणि यांचं शून्य शाबूत राहिलं असतं. म्हणून इथेच रक्त दिलं. हिवताप निघाला. गोळ्या सुरू आहेत.

बातमी कळताच साहेब गाडी घेऊन धावत आले. वाटलं, तब्येत विचारतील. त्यांनी प्रवास विचारला. बहीण पलीकडे असते ना, मग गेला असाल, आठवून बघा, म्हणाले. मी सांगितलं, मी खाटेवरून ओसरीपर्यंत जातो, तेही ढग नसतील तर. त्यावर म्हणाले, वयोमानाने विसरायला होतं, गेलो होतो अशी सही करा. ताई, मी पोस्टमन आला तरी उठून उभा राहणारा माणूस. पण सही केली नाही. हात कापतो म्हणालो. कापतच होता.

आता त्यांचा माणूस तुझ्याकडे चौकशीला येईल. त्याच्या मनासारखं बोललीस तर इथली तपासणी गेली आणि सूनबाई वाऱ्यावर. एवढी आठवण ठेवावी.
धाकटा

ता. १७ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

माणूस आला. चहा प्यायला आणि भाऊ अधूनमधून येतच असेल ना, असं गोड बोलून विचारू लागला. मी त्याला म्हटलं, माझे यजमान गेले तेव्हासुद्धा माझा भाऊ नदी ओलांडून आला नाही, तो उगाच कशाला येईल? त्याने लेखी मागितलं. तेच वाक्य लिहून दिलं.

लिहायला वेळ लागला. सूनबाईचं लगेच कळव. आणि गोळ्या अर्ध्यावर सोडू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

आशीर्वाद, मागितले नाहीस तरी.
ताई

ता. २५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं वाक्य साहेबांनी भर दवाखान्यात मोठ्याने वाचलं. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मीही जमिनीवरच्या फरशा बराच वेळ बघितल्या. शेवटी साहेबांनी 'स्थानिक रुग्ण' लिहून टाकलं. तपासणी सुरू राहणार. गावाचं नाव घालवलं म्हणून निम्मं गाव माझ्याशी बोलत नाही. फार शांत वाटतं.

स्थानिक रुग्ण निघाला म्हणून घरोघरी सगळ्यांचं रक्त घेतलं. सूनबाईला ताप नाही, थंडी नाही, आणि रक्तात हिवताप! दबा धरून बसला होता. नर्सबाई म्हणतात, वेळेत सापडला. बाळाचे ठोके नीट आहेत.

गोळी कडू म्हणून ती तोंड वाकडं करते, मी समोर बसून गिळायला लावतो. काल मला म्हणाली, मामंजी, तुमचं दुखणं मला दिलंत. मी म्हटलं, नाही गं पोरी, डासाने तुझंच माझ्याकडे आणलं असणार. मी ते नुसतं बोंब मारून सांगितलं.

कळावे. लोभ होता तेवढाच असला तरी चालेल.
धाकटा