थंड इंजिन पळवू नकोस

प्रमोद,

नोव्हेनाच्या हॉस्पिटलला निघाले, सकाळची ड्युटी आहे. तू झोपला होतास म्हणून लिहून ठेवतेय. न्यूझीलंडच्या सहलीत आपल्याला होडी भाड्याने देणाऱ्या माणसाला काल शेवटी मीच फोन केला, कारण तू "बघतो गं" म्हणत महिना काढलास.

तो म्हणाला, तळ्याचं पाणी बर्फासारखं असतं. इंजिन चालू केल्यावर लगेच पळवायचं नाही, थोडा वेळ हळू चालवून गरम होऊ द्यायचं. इंजिनाच्या मागून पाण्याची धार पडतेय ना ते बघायचं; पडत नसेल तर ते आतून तापतंय, ताबडतोब बंद करायचं. संध्याकाळी होडी बाहेर काढली की इंजिन सरळ उभं ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी गळून जातं. नाहीतर रात्री ते गोठून इंजिनाला तडा जातो.

मागच्या वर्षी तू सुरू केल्या केल्या भरधाव सोडलंस. तळ्याच्या मध्यावर इंजिन बंद पडलं, आणि दुसऱ्या होडीने ओढून नेईपर्यंत बाबा ओल्या मोज्यांनी कुडकुडत बसले. वर तू त्यांच्यावरच खेकसलास.

यंदा येत नाही म्हणताना ते गुडघ्याचं कारण सांगताहेत. गुडघ्याला काहीही झालेलं नाही; रोज नाश्त्याला हॉकर सेंटरपर्यंत चालत जाऊन येतात. त्यांना तुझ्या होडीत बसायचं नाहीये, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत.

आज त्यांच्यासोबत बसून चहा घे. आधी माफी माग, इंजिनाचं नंतर सांग. त्यांचं तिकीट मी अजून रद्द केलेलं नाही.

अंजली