सात पुटं आणि एक नंबर

मालगुंड,
दि. ८ मार्च २०२६

चि. राजश्री हिस,

दादाचे आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे पोफळीला विनोदराव आणि सानवी ठीक असतील असं धरून चालतो. खरं तर धरायचं काही कारण नाही, तुझ्या वहिनीकडून कळतंच. तुम्हां दोघींचं दर रविवारी बोलणं होतं. ती मागीलदारी जाऊन बोलते, पण आपल्या घरात मागीलदारचं बोलणं ओटीवर ऐकू येतं, हे दमयंतीला इतक्या वर्षांत समजलेलं नाही.

पत्र लिहायचं कारण, आपली वेबसाइट मी नव्याने केली. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाने, फोनवर व्हिडिओ बघून, अडीच महिन्यांत. पहिली केली तेव्हा तू शेजारी बसून हसत होतीस. आता हसायला जागा ठेवलेली नाही. जुनी साइट उघडायला फार वेळ घ्यायची. मी घड्याळ लावून मोजलं. आपल्याकडे एकोणीस सेकंद, आणि मुद्दाम हातखंब्याला जाऊन बघितलं तर तिथे चांगली रेंज असूनही अकरा. फोटो जड होते. ते हलके केले, आता तीन सेकंदांत उघडते. अक्षर मोठं केलं, कारण आमसूल मागवणारी माणसं बहुतेक चष्म्याची. ‘जगप्रसिद्ध’ हा शब्द काढला. आपला माल देवरुखापर्यंत आणि मुंबईच्या चार सोसायट्यांत प्रसिद्ध, त्याला जग कुठे म्हणायचं?

सगळं झाल्यावर मी प्रत्येक बटण दाबून बघायला बसलो. माझी सवय तुला माहीत आहे. शेवटचं बटण संपर्काचं. दुकानासाठी नवा फोन घेतलाय, त्याच्यावरून दाबलं. फोन लागला. पलीकडून बाई म्हणाली, “नमस्कार, बोला. आमसूल हवं असेल तर दादांचा नंबर देते, लिहून घ्या. ते बोलतात जरा जास्त, पण माल चोख.”

राजी, मी फोन ठेवून दिला. गेल्या सोमवारी दुपारी, साडेतीनच्या सुमारास, अनोळखी नंबरावरून, न बोलता ठेवलेला फोन माझा होता.

जुन्या साइटवर सुरुवातीपासून तुझाच नंबर होता, तोच नव्या साइटवर उतरला. तेव्हा ऑर्डरी तू घ्यायचीस. तू यायची बंद झाल्यावर मी पाकिटांवर माझा नंबर छापून घेतला आणि समजलो, झालं. फोटोचं वजन तपासणाऱ्या माणसाने नंबर तेवढा तपासला नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, ‘ताईंनी तुमचा नंबर दिला.’ मला वाटायचं, कुणी जुनी गिऱ्हाईक बाई असेल, पाकिटावरचा नंबर वाचून देत असेल. दमयंतीला हे सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “आत्ता कळलं होय?” आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

म्हणजे जवळजवळ तीन वर्षं तू माझं गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवत होतीस, आणि मी सांगत फिरत होतो की धंदा मी एकट्याने उभा ठेवला.

आता त्या मे महिन्याचं. इतका वेळ मी सेकंद मोजत बसलो ते हे लिहायचं टळावं म्हणूनच. आभाळ आठ दिवस भरलेलं होतं. रातांब्यांची सोलं खळ्यात पसरायची, पुन्हा गोळा करायची, रसात बुडवायची आणि उन्हाची वाट बघायची. अशी पाच पुटं झाली आणि ऊन संपलं. तू प्रत्येक पाकिटाला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावलीस, ‘या वर्षी पाच पुटं’. मी त्या चिठ्ठ्या कामाला आलेल्या बायकांसमोर फाडल्या. साइटवर सात लिहिलंय तर सातच, आणि दुकान माझं आहे, असं म्हणालो. तू पिशवी भरलीस आणि दुपारची गाडी पकडलीस. त्या बायकांतली गोदूबाई तेवढी म्हणाली, “दादानू, चिठ्ठी फाडून पुटं वाढत न्हाईत.” तिलाही मी गप्प केलं. माल सात पुटांचा म्हणून गेला. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. त्यामुळे मला अधिकच बरोबर वाटत राहिलं.

माझं चुकलं. मालाबाबत चुकलं, आणि तुझ्याबाबत त्याहून जास्त.

नव्या साइटवर एक पान वाढवलंय. दर वर्षीचा माल, किती पुटं, कोणत्या तारखेला सुकून पुरा झाला. जुन्या वह्यांतून सगळं काढलं. त्या वर्षासमोर ‘पाच’ लिहिलंय, आणि तेव्हा सात सांगितलं होतं हेही. हे वाचून एक-दोन गिऱ्हाइकं तुटली तर तुटू देत. तुझ्या चिठ्ठ्यांपैकी एक फडताळाच्या फटीत अडकून वाचली होती. तिचा फोटो त्या पानावर सर्वांत वर आहे. अक्षर तुझंच, ‘पुटं’वरचा अनुस्वार नेहमीसारखा भलत्याच जागी.

संपर्काचं पान मात्र अजून अपुरं आहे. नंबर बदलायला मला अर्धं मिनिटही लागत नाही, पण मी तो बदललेला नाही. नंबराखाली नावाची जागा मोकळी ठेवली आहे. तिथे तुझं नाव घालू का? तू नको म्हणालीस तर त्याच दिवशी माझा नंबर टाकेन, आणि इतके दिवस तुला फोन घ्यायला लावले, तसा त्रास पुन्हा कधी देणार नाही. हो म्हणालीस तर रातांबे एप्रिलच्या शेवटी उतरतील. गोदूबाईने विचारून ठेवलंय, ताई येणार तर रसाचं पातेलं मोठं काढायचं का?

फोनवर माझं बोलणं लांबतं आणि मुद्दा राहून जातो, म्हणून पत्र. विनोदरावांना नमस्कार, सानवीला आशीर्वाद. उत्तर लिहिण्याचा कंटाळा आला तर साइटवरचं बटण आठव. मी रोज दुपारी साडेतीनला ते दाबणार आहे. यापुढे ठेवून देणार नाही.

तुझा,
जरा जास्त बोलणारा, आणि एकदा माल चोख नसलेला,
दादा