वरच्या पलंगावरचा स्वेटर

ता. ६ फेब्रुवारी
पहिलं हॉस्टेल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्काराचं अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, कानाला नाही तर डोळ्याला तरी पोचेल.

पोचले. अंग आंबून गेलंय. निघताना दारातून ‘येते गं’ म्हणून ओरडले, तू मानसुद्धा वर केली नाहीस. ते कानाचं यंत्र काय डबीत ठेवायला घेतलंय? फोनवर तुझं ‘काय? काय?’ ऐकण्यापेक्षा पत्र बरं, म्हणून चौथीत सोडलेलं अक्षर पुन्हा उकरून काढलंय. हसू नकोस.

हॉस्टेल म्हणजे स्वस्तात पाठ टेकायची जागा. बायकांची खोली वेगळी, एका पलंगावर दुसरा पलंग, वर जायला शिडी. खालचा मी पहिल्याच झटक्यात धरला. सामानाला लोखंडी कपाट देतात, कुलूप आपण आणायचं. ते मला कोण सांगणार? पिशवी पायाला बांधून झोपले. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. आपल्या डब्यावर नाव चिकटवलं नाही तर आपलं दूध दुसऱ्याच्या पोटात. चादरी मात्र बघवत नाहीत. नीळ भरमसाट आणि खळबळून काढायचा कंटाळा. काउंटरवरच्या पोरीला तसं सांगितलं, तर म्हणते, काकू, तुम्ही पाहुण्या आहात ना?

जन्मभर लोक फिरून मळले आणि मी लाँड्रीत उभी राहून त्यांना धुतलं. आता जरा मी मळते.

माझ्या वर एक पोरगी आहे. तिला मी ‘वरची’च म्हणते. पाठीवर हे एवढं बोचकं. वडील ट्रक चालवायचे म्हणाली, त्यांचा मुक्काम पडायचा ती गावं बघत फिरते. पुढच्या हॉस्टेलला आम्ही दोघी बरोबरच जाणार. पोरगी गोड आहे, पण केसाला तेल नाही.

आणि हो, भावोजींचे कपडे पाहिलेस ना? निघायच्या आदल्या दिवशी सगळे धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. वर्ष झालं त्यांना जाऊन, कपाटात, खुंटीवर नुसते कुबट पडले होते. आता कोणाला द्यायचे तर लाज वाटणार नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर ठेवायला जागा नाही.
तुझी धाकटी


ता. १० फेब्रुवारी
घर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे.

लाँड्री ठीक चालली आहे. वकिलांचा काळा कोट तयार आहे, न्यायला येत नाहीत. मास्तरीणबाई रोज विचारतात, मालकीणबाई कधी येणार, तुम्ही कॉलरला कडक इस्त्री करत नाही. मी ऐकू आलं नाही असं दाखवते. कानांचा तेवढा तरी उपयोग.

कपडे पाहिले. घड्या छान आहेत.

त्या पोरीला सांभाळून घे. सगळ्यांना तोंडावर बोललेलं सोसत नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. इथली काळजी नको, तुझी तू घे.
तुझी ताई


ता. १६ फेब्रुवारी
दुसरं हॉस्टेल

ती. ताईस,
सा. न. या खेपेला तो खाली मान घालून आहे.

मी एक घाण करून ठेवलीय. कोणाला सांगू? इथे सगळ्या अनोळखी, म्हणून तुलाच लिहिते.

खोलीतल्या बायका कुरकुरत होत्या की वरच्या पलंगाकडून वास येतो. यायचाच होता. तीस वर्षं हा धंदा केलाय, मला नाक नाही का? डिझेल, तंबाखू आणि डोकेदुखीचं मलम. वरची फिरायला बाहेर पडली आणि मी शिडीवर चढले. उशीच्या अभ्र्यात एक तपकिरी पुरुषी स्वेटर कोंबलेला. कॉलर काळी मिट्ट. मला वाटलं, बिचारीजवळ इथल्या धुलाईच्या मशीनमध्ये टाकायला सुटे पैसे नसतील, सांगायला लाजत असेल. नेला मोरीत. कोमट पाण्यात भिजवला, कॉलर हाताने चोळली, पिळला नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढलं, गच्चीवर आडवा वाळवला. आकार जराही सोडला नाही त्याने. घडी करून तिच्या उशीवर ठेवला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

संध्याकाळी ती आली. घडी बघून आधी इकडे तिकडे शोधायला लागली, तिला तो तिचा वाटेचना. मग उचलून तोंडाशी नेला. मी म्हटलं, अगं, मी धुतला. तर तिने एवढंच विचारलं, “साबण कुठला होता?”

मी साबणाचं नाव सांगितलं, ताई. वर हेही सांगितलं की लोकरीला तोच चांगला.

मग ती बोलली. वडील पावसाळ्यात गेले. जाताना अंगात तोच होता. ती रोज झोपताना उशीला नाक लावायची. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि फिटलं असतं.

माझी अक्कल बघ. मी गॅरेजात गेले, चिंधीवर डिझेल घेतलं, मलमाची डबी आणली आणि तिला म्हटलं, थोडं थोडं लावून बघूया. तिने माझ्याकडे असं बघितलं की डबी माझ्याच पदरात लपवावी लागली.

आज सकाळी उठले तर वरचा पलंग रिकामा. स्वेटर माझ्या पायथ्याशी. काउंटरवर निरोप ठेवून गेली होती, की काकूंना थंडी वाजते, तो आता त्यांनाच वापरू द्या.

वापरू कसा? टाकू कसा? दिवसभर मांडीवर घेऊन बसलेय. आणि बसल्या बसल्या तुझी ‘घड्या छान आहेत’ ही ओळ पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर येतेय. ताई, त्यात भावोजींचं असं काही होतं का? खरं लिही. मला जपू नकोस.

लोभ मागायला आज तोंड नाही.
धाकटी


ता. २१ फेब्रुवारी
घर

चि. धाकटीस,
आशीर्वाद. विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

दारामागच्या खुंटीवर ह्यांचा पट्ट्यांचा शर्ट होता. कामावरून आल्यावर टांगला तो तसाच. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास येई. सकाळी उठलं की मी त्याला कपाळ टेकवत असे. सुताराच्या बायकोला तेवढंच दैवत. तू निघालीस त्या सकाळी खुंटी रिकामी. तुझ्या घडीलाच टेकवलं, तर नुसता साबण.

तू दारातून ‘येते गं’ म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं. यंत्र कानातच होतं. मान वर केली असती तर तुझ्या अंगावर धावून गेले असते, आणि तू पहिल्यांदाच कुठे निघाली होतीस.

तू वाईट मनाने केलं नाहीस हे मला कळतं. कळून राग जात नाही, एवढंच.

ह्यांची कामावरची टोपी मात्र पलंगाखाली पडली होती म्हणून तुझ्या तावडीतून सुटली. कुठे ठेवली ते सांगणार नाही.

माझं राहू दे. त्या पोरीला आधी गाठ. ती लेकरू आहे, एकटी आहे. आणि जाऊन बोलू नकोस, ऐक.
ताई


ता. २६ फेब्रुवारी
तिसरं हॉस्टेल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. आज शब्द आखडले नाहीत, पुरा घातलाय.

पोरगी सापडली. पुढच्या मुक्कामाचं हॉस्टेल तिने मला आधीच सांगितलं होतं. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून पाव खात होती. मला बघून चावायची थांबली. मी म्हटलं, माझं चुकलं. पुढे ‘पण’ ओठावर आला होता, तो गिळला. तिला विचारलं, वडील कसे होते ते सांगतेस का?

सांगितलं तिने. उतारावर गाडी बंद करून इंधन वाचवायचे, आणि ते आईला सांगू नये म्हणून पोरीला पेपरमिंटची गोळी द्यायचे. आई मात्र वास घेऊन त्यांचा तंबाखूच पकडायची. मधे मला दहा गोष्टी सुचल्या. एकही बोलले नाही. जीभ चावून दुखतेय.

मग मी स्वेटर पुढे केला. तिने घेतला आणि तिथेच अंगात घातला. बाह्या लांब झाल्या, त्या दुमडल्या. म्हणाली, “वास होता तोवर घालता येत नव्हता. माझाच लागला असता.” माफ केलं असं म्हणाली नाही. मीही त्यासाठी अडून बसले नाही. रात्री तिने पलंग घेतला तो खोलीच्या दुसऱ्या टोकाचा. बरोबर केलं.

आता तुझं. चांगल्या मनाने केलं म्हणून मला सोडू नकोस. मन चांगलं होतं, पण विचारायला तोंडही होतं. दुकानात फाटक्या रुमालावरचा डाग काढायचा तरी मी गिऱ्हाइकाला विचारते. सख्ख्या बहिणीला विचारलं नाही.

ज्यासाठी निघाले तो समुद्र बघायचा राहिला. राहू दे. उद्याच्या गाडीने निघतेय. आले की तुझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबेन. आत बोलावलंस तर येईन, नाही तर खाली दुकानातल्या बाकावर पडेन. मास्तरीणबाईंसमोर बोललीस तरी चालेल.

टोपी कुठे आहे ते मी विचारलं तरी सांगू नकोस. माझे हात मला ठाऊक आहेत.

लोभ राहू दे बाजूला. राग उरलाय तो मी येईपर्यंत कोणावर काढू नकोस, तो माझा आहे.
तुझी धाकटी