तुळसाचं ताट

एकोडी
१२ जुलै १९८२

चि. सौ. ललितास,
देवाजीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

धानाचा रोवणा सुरू आहे आणि बाया मिळता मिळत नाहीत. तुझ्या दवाखान्यातून तुळसाला घरी आणून महिना झाला, पण डॉक्टरांनी पक्कं काही सांगितलं नाही. पोरीला खरंच आवाज येतात, की ती आम्हाला नाचवते? सकाळी कानात कोणी शिव्या घालतं म्हणून रडते आणि दुपारी बांधीत गाणी म्हणत धान रोवते. तिला स्वतःची आई एक दिवस देवी वाटते, दुसऱ्या दिवशी वैरीण. मला तिचा भरवसा वाटत नाही. तू नर्स आहेस, तिची सख्खी आत्या आहेस. पांघरूण न घालता लिही.

तुझा दादा,
देवाजी

नागपूर
१७ जुलै १९८२

ती. दादास,
ललिताचा शि. सा. न. वि. वि.

तुळसा सोंग करत नाही, हे आधी मनातून काढा. डॉक्टर म्हणतात, या वयात दोन आजार सारखे दिसतात. स्किझोफ्रेनियात आवाज येतात, तसे बॉर्डरलाइन नावाच्या दुसऱ्या आजारातही येतात. त्यात जवळचं माणूस दुरावेल या धास्तीनं मन उसळतं. म्हणून आवाज केव्हा येतात, किती टिकतात, हे पाहावं लागतं.

डॉक्टरांचं मन स्किझोफ्रेनियाकडे झुकलं ते एका गोष्टीनं. घरचे माझ्या जेवणात काहीतरी कालवतात, असं तुळसा म्हणाली होती. तो संशय टिकला तर सप्टेंबरपासून इंजेक्शनं, तीही वर्षानुवर्षं. तुम्ही रोजच्या तारखा लिहून ठेवा. जेवणात कोणी काही घालत तर नाही ना, तेही कळवा. वहिनीला नमस्कार.

तुमची लहानी,
ललिता

एकोडी
७ ऑगस्ट १९८२

चि. सौ. ललितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे फौजदाराची चौकशीच. असो. २५ जुलैला तुळसाची मैत्रीण जना पवनीला सासरी परतली. संध्याकाळी आवाज सुरू, दुसऱ्या दुपारी बंद. २ ऑगस्टला तुझी वहिनी आसगावला माहेरी गेली, तर पोरीनं भाकरी उलटायच्या तापल्या सराट्यानं हात भाजून घेतला आणि कानात शिव्या ऐकू येतात म्हणून कोपऱ्यात बसली. वहिनी परतली तसं सगळं थांबलं. एरवी ठीक.

२२ जुलै, २९ जुलै आणि ५ ऑगस्टला तिनं ताट सरकवलं. वरणात माती लागून राहिली, तुमी काही टाकता, म्हणाली. बाकी दिवस मुकाट जेवते. रोवणा आटोपला. बैल थकले आहेत.

देवाजी

नागपूर
१२ ऑगस्ट १९८२

ती. दादास,
सा. न.

आवाजांच्या तारखा डॉक्टरांना पटल्या. माणूस गेलं की येतात, परतलं की जातात. हे बॉर्डरलाइनकडे जातं, म्हणाले. ताटाच्या तारखा मात्र मी त्यांना दाखवल्या नाहीत. वॉर्डातल्या कॅलेंडरवर पाहिलं, तिन्ही गुरुवार निघाले. आजाराला वार कळत नाही, दादा. लहानपणी बाबांनी चोरलेल्या कैऱ्यांचं विचारलं की तुम्ही बैलांचं सांगत बसायचात. याही पत्रात मी विचारलं एक आणि तुम्ही बैलांवर आलात.

पोरीच्या अख्ख्या जन्माचा प्रश्न आहे. खरं लिहा.

ललिता

एकोडी
१८ ऑगस्ट १९८२

चि. सौ. ललितास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देतो.

होळीपासून दर गुरुवारी तिच्या वरणात एका बुवाचा अंगारा मीच घालत होतो. तुझ्या वहिनीलाही ठाऊक नव्हतं. सांगून दिला तर गुण येत नाही, असं बुवानं बजावलं होतं. डॉक्टरांपुढे पोरगी खरं सांगत होती आणि मी शेजारी बसून म्हणालो, नाही हो, भ्रम आहे तिचा. हे पत्र त्यांना दाखव. मला लाज वाटते, तरी दाखव.

काल तुळसालाही सांगितलं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की बाबा, मंग माह्या कानातले आवाज बी तुमीच टाकून राहिले का. मी नाही म्हणालो. दवाखान्यातही मी याच तोंडानं नाही म्हणालो होतो.

आज जेवायला बसल्यावर तिनं आपल्या ताटातला पहिला घास मला खायला लावला. मी खाल्ला. तरी ती जेवली नाही.

तू येऊन जा. तुझ्या हातचं ती खाईल. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

देवाजी