व्याहीबुवांच्या बॅगेतला कॅमेरा

मु. तांडा, फुलसावंगीजवळ,
ता. महागाव, जि. यवतमाळ
३ सप्टेंबर २००६

आदरणीय व्याहीबुवा श्री. खेमसिंगजी यांस,

धरमसिंगचा जय सेवालाल. तुमचे गुडघे कसे आहेत हे आधी विचारतो, कारण गुडघे बरे असतील तरच तुम्ही त्या विमानाच्या शिड्या चढणार, आणि तुम्ही चढलात तरच माझं काम होणार. विहीणबाईंची साखर कशी आहे? दुबईला लेकीच्या घरी खजुराचे डबे दिसले की हात आवरता घ्या म्हणावं. इकडे मी बरा आहे. एक दात हलतो, पण तो होळीपासून हलतोच आहे, पडत काही नाही. त्याला बहुतेक माझी सोबत सोडवत नाही.

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. महागावचा अब्रारभाई, तो रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला, सामान घ्यायला यवतमाळला निघाला होता, त्याच्या हाती दिलं आहे. त्याला दारातून परत पाठवू नका, बसवा, चहा पाजा. तुम्ही म्हणाल, जन्मभर पोस्टात राह्यलेला माणूस स्वतःचं पत्र दुसऱ्याच्या खिशातून काहून पाठवतो? बुवा, जन्मभर पोस्टात राह्यलो म्हणूनच. आणि फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन विहीणबाई उचलतात, आणि त्यांच्या कानात पडलेली गोष्ट संगीताच्या घरी दुबईला पोचायला तारेपेक्षा कमी वेळ लागतो. (रागावू नका. तारखात्यातल्या माणसाने दिलेली ही शाबासकी आहे.)

तर मूळ मुद्दा कॉम्प्युटरचा. तो मी मागितला नव्हता हे तुम्हाला माहीत आहे. सुनीलची आई, आमची लालीबाई गेली तेव्हा सुनील आला होता. सुटीभर माझ्यासमोर बसून राह्यला, मी पण त्याच्यासमोर बसून राह्यलो, आणि निघताना एसटीच्या खिडकीतून म्हणाला, बाबा, तुमच्यासाठी एक मशीन पाठवतो. मला वाटलं पिठाची गिरणी पाठवतो. अख्खा कॉम्प्युटर आणला तर विमानतळावर अडवतात, म्हणून त्याने युक्ती काढली की दुबईहून जो जो नातेवाईक इकडे येईल, त्याच्या सामानात एकेक पार्ट घालायचा. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले. आता आपली लदेणी विमानाने चालते, फरक इतकाच की बैलावर किती वजन आहे हे कोणी काट्यावर पाहत नव्हतं.

लदेणीवरून आठवलं. आमच्या घरात माझ्या आजाने लावलेला एक नियम आहे. ओझं घेऊन आलेल्या माणसाला ओझ्याचं विचारायचं नाही. आधी पाणी, मग जेवण, मग वाटेवरची खबर, आणि सगळ्यात शेवटी माल. हा नियम मी अजून मोडलेला नाही, पुढेही मोडणार नाही.

पहिला पार्ट मदरबोर्ड. तो आणला माझा पुतण्या देवसिंगने, जो तिकडे क्रेन चालवतो. सुनीलने बजावलं होतं की घोंगडीत गुंडाळ आणि काही विचारलं तर खरं सांग. विमानतळावर साहेबाने घोंगडी उलगडली. हे कोणाचं? काकाचं. काका काय करतात? तर आमचा हा सहा फुटी गडी त्या साहेबाला म्हणतो, काही नाही, बसून असतात. साहेबाने त्याच्याकडे पाह्यलं, मदरबोर्डाकडे पाह्यलं आणि जा म्हणाला. सामान सुटलं हे खरं, पण मला ते लागलं बुवा. बसून असतो म्हणजे काय? सकाळी उठून अंगण झाडतो. दोन भाकरी थापतो, एक माझी आणि एक कुत्र्याची. पेपर येतो तो कालचा असतो, तरी पहिल्या पानापासून वाचतो. दुपारी तांड्याच्या धावजी नाईकांकडे जाऊन बसतो. (म्हणजे तिथेही बसतोच, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. शिवाय नाईकांना ऐकू येत नाही, त्यामुळे बोलण्याचं कामही अर्धंच होतं.)

असो. देवसिंग दोन दिवस राह्यला. जेवला, झोपला, आणि मग एकेक खबर निघाली. सुनीलचे केस पुढून मागे सरकले आहेत. संगीताला कामावरून यायला उशीर झाला की तो स्वतः दाळ करतो आणि ती खाली लागते, मग दोघं ती तशीच खातात. आंघोळ करताना अजून गातो. लालीबाई यावरून त्याला किती बोलायची. मदरबोर्डाचा खोका आम्ही तिसऱ्या दिवशी उघडला, देवसिंगची बस निघायच्या आधी.

दुसरा पार्ट रॅम, आणि तो आणला तुमच्याच बिजलीबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, संगीताचं बाळंतपण आटोपून आल्या तेव्हा. रॅम म्हणजे बोटभर रुंदीची एक पट्टी, खाली ओळीने सोनेरी दात. ते दात पाहिल्यावर विहीणबाईंनी ती बॅगेत ठेवायला साफ नकार दिला आणि कमरेच्या बटव्यात पाटल्यांसोबत ठेवली. विमानतळावरच्या तपासणीच्या बाईने बटवा उघडायला लावला. ती हिंदीत विचारते, ह्या आपल्या गोर बोलीत सांगतात. शेवटी म्हणाल्या, जावयाने दिलं आहे. जावयाने सासूला दिलेल्या वस्तूला हात लावायची त्या बाईची हिंमत झाली नाही. पण खरा घोळ तांड्यात झाला. नवी वस्तू घरात नेण्याआधी सेवाभायाच्या देवळात नेली पाहिजे असं विहीणबाईंचं म्हणणं, आणि मी त्यांना नाही म्हणणारा कोण. विस्तवावर तूप-गुळाचा भोग चढवला आणि त्याच तुपाच्या बोटाने रॅमला टिळा लावला. पार्ट जोडायला आलेल्या अब्रारभाईने ते पाह्यलं आणि कपाळाला हात लावला. बिचाऱ्याने तासभर कापसाच्या बोळ्याने एकेक दात पुसला. (मागल्या सालचा कापूस एवढ्या तरी कामी आला.) तरी मशीन तापलं की अजून खोलीत तुपाचा वास सुटतो.

रॅमबरोबर आलेली खबर अशी की नातीला खाली दोन दात आले आहेत आणि ती सुनीलचं बोट चावते. शाळेत घालायचं नाव काही तरी मोठं ठेवलं आहे, पण घरात तिला लाली म्हणतात. हे ऐकल्यावर मी उगीच उठून बैलाला पाणी दाखवायला गेलो. बैल त्या सालच्या पोळ्यालाच विकला होता, हे मला गोठ्यात गेल्यावर आठवलं.

तिसरा पार्ट हार्ड डिस्क, पुन्हा देवसिंग. या वेळी विमानतळावर कोणी काही विचारलं नाही, तर पठ्ठ्याने उमरखेडच्या स्टँडवर बॅगच बदलून आणली. घरी येऊन उघडतो तर आत कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आणि कोणाची तरी नवीकोरी पँट. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तापलेला गृहस्थ आमची बॅग घेऊन दारात उभा. खूप बोलला. मी बोलू दिलं, मग पाणी दिलं, मग ताट वाढलं. जेवल्यावर निवला, संध्याकाळची एसटी गेली तेव्हा मुक्कामच केला. बियाणं कसं दरवर्षी नवीन नावाचं येतं आणि बोंड कसं जुनंच येतं, यावर छान बोलला. एका पार्टाला दोन पाहुणे, असं ते एकदाच घडलं.

टीव्हीसारखा तो पडदा आणि डबा यवतमाळहून टेम्पोने आला, तेव्हा पाहायला अख्खा तांडा जमला होता. आज टेम्पो आला असता तर तो कोणी उतरवून घेतला असता कोण जाणे. पोळा झाला आणि निम्मा तांडा पुण्याला बांधकामावर गेला. राहिलेल्यांना मुकादम दसऱ्यानंतर ऊसतोडीला नेईल. पूर्वी कापूस वेचायला तरी लोक थांबत. आता वेचायला थांबावं इतकं झाडावर काही नसतं. संध्याकाळी मी दारात उभा राहून मोजतो, चुली पेटलेली घरं कमी आणि कुलपं जास्त. वीज मात्र येते कधी कधी.

आता सुनीलचं म्हणणं असं की बाबा, तुमचं मशीन काही सुरू होत नाही, कधी पंखा लागतो, कधी वायर लागते, आणि हे सगळं आता यवतमाळला मिळतं, नाही तर मी कुरिअरने पाठवतो. एकदा पाठवलाही, माऊस. कुरिअरवाल्याने मोटरसायकलचं स्टँडसुद्धा लावलं नाही. बसल्या बसल्या सही घेतली. पाणी विचारलं तर म्हणाला उशीर होऊन राह्यला काका. तो माऊस चांगला आहे, तक्रार नाही. पण त्याच्यासोबत कसलीच खबर आली नाही. डबा उलटा करून पाह्यला.

तर आता शेवटचा पार्ट राहिला आहे, कॅमेरा. मशीनच्या डोक्यावर बसवायचा असतो. तुम्ही उभयता पुढच्या आठवड्यात दुबईला निघता आहात आणि दसऱ्याच्या आत परत येता आहात, तेव्हा सुनील तो तुमच्याकडे देणार. मागल्या रविवारी फोनवर म्हणाला, बाबा, मशीन अब्रारभाईकडून सुरू करून घ्या, एकदा कॅमेरा लागला की रोज समोरासमोर, लालीलाही पाहाल. मग यंदा दिवाळीला आम्ही नाही आलो तर चालेल ना? मी म्हटलं, चालेल. फोनवर दुसरं काय म्हणणार. मागल्या दिवाळीला पोरगी लहान म्हणून आले नव्हते, तेव्हाही चालेलच म्हटलं होतं.

तरी कॅमेरा जपून आणावा. घोंगडीत नको, बटव्यात नको, आणि विहीणबाईंना हात जोडून सांगा की त्याला टिळा नको, त्याचा डोळाच बंद होईल. लहान तोंडी मोठा घास वाटल्यास क्षमा असावी. सुनीलला, संगीताला आशीर्वाद, नातीला पापा.

आपला,
धरमसिंग

ता. क. : इथवरचं पत्र विहीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही, त्यांच्यासाठीच लिहिलं होतं. इथून पुढचं फक्त तुमच्यासाठी. तुम्ही सरकारी नोकरीत कागद वाचत म्हातारे झालात, तेव्हा तुपाच्या वासापाशी अडखळला असालच. जे मशीन सुरूच होत नाही ते तापतं कसं? तर बुवा, मशीन आखाजीपासून, म्हणजे चार महिने झाले, झकास चालू आहे. पंखा, वायर, काही लागत नव्हतं. लागत होतं ते आणणारा माणूस. अब्रारभाईला हे माहीत आहे. त्याला मी गळ घातली आहे, आणि तो शब्दाचा पक्का आहे. हार्ड डिस्कमध्ये सुनीलने लालीचा एक फोटो घालून दिला होता. वीज आली की तो लावतो. ती त्यात रांगते आहे. देवसिंग म्हणतो आता ती धावते, पण माझ्याकडे अजून रांगतेच आहे. नातीला मी याहून जास्त पाह्यलेलं नाही.

ता. क. २ : म्हणून विनंती अशी की कॅमेरा आणू नका. खोटं बोलायचं नाही, फक्त विसरायचा. त्यांच्या फ्रिजमागे, गादीखाली, कुठेही. तुमचं वय विसरण्याचं आहे, कोणी शंका घेणार नाही. कॅमेरा आला की ते रोज दिसतील आणि येणार कधीच नाहीत. दिवाळीला हातात दिवा घेऊन दारोदार ‘मेरा’ म्हणत फिरायला यंदा तांड्यात पोरीच नाहीत. एक धावणारी आली तर माझ्या आणि नाईकांच्या अशा दोन दारांपुरता तरी मेरा होईल. नाईकांना ऐकू येणार नाही, पण दिवा दिसेल.

ता. क. ३ : परत आल्यावर दोघांनी इकडे यावं. रिकाम्या हाताने या. माझ्या आजाच्या नियमात रिकाम्या हाताने आलेल्यालाही जेवण आहे, आणि खबर तर तुमच्याजवळ असेलच. आणि तिकडे सुनीलने विचारलं की बाबा दिवसभर काय करतात, तर सांभाळून घेऊ नका. देवसिंगने विमानतळावरच्या त्या साहेबाला जे सांगितलं होतं, तेच सांगा.