सावळीराम अण्णांचा लेथ

जेलरोड, नाशिक रोड
रविवार, सकाळ

ती. भागीआक्कास,
धाकट्या धनराजचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इगतपुरीच्या ओलीत ते कुरकुरायला लागले असतील. तेल चोळून घेतेस, की बाटली अजून फळीवरच आहे? आम्ही दोघं बरे आहोत. (मंजुषा पूर्ण बरी. माझ्या अंगठ्याला पट्टी आहे, कारण खाली येईलच.) फोन केला असता, पण छत्तीस वर्षं टपालात काढलेल्या माणसाला महत्त्वाचं काही फोनवर सांगवत नाही, आणि तूही ऐन रंगात आलं की कुकर बंद करायला जातेस.

तर आक्का, मी लेथ घेतला. घाबरू नकोस, कारखाना काढत नाहीये. लाकूड गरगर फिरतं आणि आपण त्याला पटाशी लावून गोल आकार देतो, ते यंत्र. झालं असं, की पोळपाटाचा पाय निखळला म्हणून मी जुन्या नाशकात सावळीराम अण्णांकडे गेलो. अण्णा कातारी. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, हे करण्यात त्यांचा जन्म गेला. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुकान आवरत होते आणि लेथ भंगारात निघाला होता. मुलगी ऑपरेशनसाठी मागे लागलेली, तर म्हणाले, "आता बघायचं काय राहिलंय?" हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की मी पोळपाट विसरलो आणि बोलून बसलो, लेथ मला द्या, पण शिकवायला तुम्हीच यायचं. त्यांनी माझे हात चाचपले. "नुसते शिक्के मारलेत यांनी," म्हणाले, "पण चालंल."

लेथ शेडमध्ये आला आणि माझी स्कूटर उघड्यावर गेली. अण्णा दुसऱ्या दिवशी येणार होते, पण मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला धीर कुठला? मी बाभळीचं ओंडकं नीट मधोमध न धरताच बसवलं आणि बटण दाबलं. अख्खा लेथ थरथरायला लागला, मी बटणाकडे धावलो, तेवढ्यात ओंडकं सुटलं ते भिंतीवरून शेजारच्या लताबाईंच्या धुण्याच्या टपात. (टपाजवळ कोणी नव्हतं, हे माझं नशीब.) लताबाईंनी ते स्वच्छ धुऊन परत आणून दिलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मी हेल्मेट घालून काम करतो, आणि मंजुषा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की स्कूटरवर कधी घातलं नाही ते आता शेडमध्ये घालतात.

अण्णा रोज दहाला रिक्षानं येतात आणि लेथकडे पाठ करून खुर्चीत बसतात. दिसत तर नाही, मग तोंड करून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. सगळं कानानं. "रडतंय ते. पटाशी दाबू नका, टेकवा नुसती." हत्याराला टेकू देणारी पट्टी लाकडाच्या जवळ घ्या, हे त्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा माझ्या अंगठ्यानं सांगितलं. पंधरा दिवसांत नऊ लाटणी झाली. एक बाजू सारखी करावी तर दुसरी जाड, ती उतरवावी तर पहिली. एकाला मध्येच पोट सुटलं; त्यानं लाटलेली पोळी मधे पापड आणि कडेला भाकरी होते. मी मुकाट्यानं खाल्ली.

मग एके दिवशी मंजुषा चहा घेऊन आली आणि अण्णा म्हणाले, ताई, जरा तुम्ही धरून बघा. तिनं पदर खोचला, बांगड्या उतरवून माझ्या हातात दिल्या, माझंच हेल्मेट घातलं आणि पटाशी टेकवली. आक्का, लाकडाची अशी लांबलचक फीत निघाली, जशी सफरचंदाची साल. आवाजसुद्धा बदलला. अण्णा खुर्चीतून उठले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा लेथकडे वळले. "हे बघायला पायजे राव," म्हणाले. मला काय वाटलं ते खरं सांगतो. आधी पोटात दुखलं. दोन दिवस मी तिच्याशी फक्त भाजीपुरतं बोललो. पण तिसऱ्या दिवशी अण्णांच्या मुलीचा फोन आला, की हट्टी बाबा ऑपरेशनला आपणहून तयार झालेत. मग कसला रुसवा!

एक डोळा झाला. पट्टी निघाल्यावर पाचव्या दिवशी अण्णा काळा चष्मा लावून शेडमध्ये हजर. माझी नऊ लाटणी एकेक करून उजेडात धरली. "साहेब," म्हणाले, "हे समदं मला ऐकू येत व्हतं. पण इतकं वाईट ऐकू आलं नव्हतं." मी मान खाली घातली. मग त्यांनी दहावं उचललं, ते ऑपरेशनच्या दिवशी हात रिकामे राहवेनात म्हणून मी एकट्यानं केलेलं. फिरवून पाहिलं, गालाला लावलं, टेबलावर घरंगळत सोडलं. सरळ गेलं! "याच्यावर पोळी फिरंल." एवढंच. पण आक्का, माझ्या निरोप समारंभात सात भाषणं झाली होती, त्यांतलं एकही मला आठवत नाही.

दुसरा डोळा दिवाळीनंतर. दहावं लाटणं सोबत पाठवतोय. वापर, देव्हाऱ्यात ठेवू नकोस.

तुझा,
धनराज

ता. क. परवाच्या वाऱ्यात तुझ्या अंगणातला फणस पडल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. खोड जळणाला देणार आहेस का? सहज विचारतोय.

ता. क. २. तीन फूट पुरेल. चार असेल तर उत्तम.

आक्का, मंजुषाचा नमस्कार. खोड मला हवंय. अण्णा मला लाकडी परात शिकवणार आहेत. तुमच्या सासऱ्यांच्या हातचं झाड, मागायला मला फार संकोच वाटत होता, म्हणून यांना म्हटलं, तेवढी एक ओळ तुम्ही लिहा. नऊला बसलेत, आता दुपारची जेवणं झाली. टेम्पो मी सांगून ठेवलाय, गुरुवारी सकाळी येईल. नाही म्हणायचं असेल तर बुधवारपर्यंत कळवा.